चरित्रकथन स्पर्धेच्या निमित्ताने





यंदाच्या चरित्रकथन स्पर्धेचे नियम सूचना फलकावर लागले आणि दुसऱ्याच दिवसापासून माझ्या खोलीत पालकांची ये-जा सुरू झाली. काहींनी मुलांच्या डायरीतून चिठ्ठ्या पाठवल्या. विश्वस्तांपैकी दोघांनी फोन केला. आक्षेप मुख्यतः दोन आहेत. पहिला असा की, थोर माणसाच्या आयुष्यातले अपयश सांगणे सक्तीचे का केले? मुलांसमोर चांगलेच यायला हवे. दुसरा असा की, शाळा मराठी माणसांनी काढलेली, स्पर्धा मराठीची, मग यादीत हिंदीत लिहिणारे लेखक कशाला? प्रत्येकाला वेगवेगळे उत्तर देण्यापेक्षा इथेच सविस्तर लिहिते. माझ्या मराठीत अधूनमधून हिंदी डोकावते हे आपण सगळे जाणताच. माझे सगळे शिक्षण हिंदी माध्यमात झाले. घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर हिंदी, अशीच मी वाढले. इंदुरात आपल्यापैकी बहुतेकांची हीच कथा आहे.

आधी नियम का बदलले ते सांगते. गेली काही वर्षे परीक्षक म्हणून बसणाऱ्या सगळ्यांचा अनुभव एकच आहे. मूल मंचावर येते, नमस्कार करते, ‘यांचा जन्म अमुक साली अमुक गावी एका गरीब कुटुंबात झाला’ इथून गाडी सुटते ती थेट ‘अशा या थोर विभूतीला माझे कोटी कोटी प्रणाम’ या स्टेशनावरच थांबते. नाव बदलले तरी भाषण तेच. निम्म्याहून अधिक मुले तीच चार-पाच नावे घेतात. भाषण इंटरनेटवरून उतरवून आईने किंवा काकाने लिहून दिलेले असते. पाठांतराला माझा मुळीच विरोध नाही, पाठांतराने जीभ वळते. पण मागे एका मुलाला परीक्षकांनी सहज विचारले, ‘बाळ, हे पोटापाण्यासाठी काय करत होते?’ तर ते बिचारे आईकडे बघू लागले. थोर माणसालाही घरभाडे, किराणा, मुलांच्या फिया असतात हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते.

म्हणून यंदा आम्ही ठरवले की भाषणात त्या व्यक्तीचा उदरनिर्वाह कसा चालत होता ते यावे, तिचे एक तरी फसलेले काम किंवा हातची गेलेली संधी यावी आणि मिळालेल्या मानसन्मानांची यादी एका वाक्यात उरकावी. नावे शक्यतो अशांची घ्यावीत ज्यांचा आपल्या मराठी वस्त्यांशी, म्हणजे माळवा, ग्वाल्हेर, बडोदे, बेळगाव या पट्ट्याशी संबंध आला. माहिती हिंदी पुस्तकातून काढली तरी चालेल, बोलायचे मात्र मराठीत.

आता नापास होण्याबद्दल. ‘मॅडम, पोराला नापास झालेल्या माणसाची गोष्ट सांगायला लावता, उद्या तो मलाच ऐकवेल’, असे एक पालक हसत हसत म्हणाले. हसत म्हणाले तरी बोलण्यात काळजी होती. ते ज्यांच्याविषयी बोलत होते ते गजानन माधव मुक्तिबोध.

मुक्तिबोधांचा जन्म १३ नोव्हेंबर १९१७ चा, श्योपूरचा. श्योपूर तेव्हा ग्वाल्हेर संस्थानात होते. वडील माधवराव पोलीस खात्यात, म्हणजे बदलीची नोकरी. आज या गावी, उद्या त्या. मुलाच्या शिक्षणाची आबाळ व्हायची ती झालीच. १९३० साली उज्जैनला मिडलच्या परीक्षेत ते नापास झाले. पुढे १९३८ मध्ये बी.ए. झाले ते आपल्या इंदूरच्या होळकर कॉलेजातून. ज्या इमारतीसमोरून तुमच्यातली कित्येक मुले रोज जातात, तेच हे कॉलेज.

बी.ए. झाल्यावर काय केले? मास्तरकी केली. उज्जैन, शुजालपूर, जबलपूर अशा ठिकाणी शाळेत शिकवले. नागपूरला रेडिओवर काम केले, साप्ताहिकात लिहिले. एम.ए. झाले तेव्हा वयाची पस्तिशी उलटून गेली होती, घरी बायको-मुले होती. तेव्हा कुठे १९५८ मध्ये राजनांदगावच्या दिग्विजय कॉलेजात प्राध्यापकी मिळाली आणि जरा बस्तान बसले. पैशाची चणचण जन्मभर होती. १९४३ मध्ये अज्ञेयांनी काढलेल्या ‘तार सप्तक’मध्ये सात कवींत त्यांचा समावेश झाला होता, म्हणजे जाणकारांना नाव ठाऊक होते. पण स्वतःचा एकही कवितासंग्रह हयातीत हातात पडला नाही. १९६४ च्या सुरुवातीला अर्धांगाचा झटका आला. आधी भोपाळला आणि मग दिल्लीला उपचार झाले. ११ सप्टेंबर १९६४ ला ते गेले, वय सत्तेचाळीसही पूर्ण नव्हते. ‘चाँद का मुँह टेढ़ा है’ हा पहिला संग्रह त्याच वर्षी निघाला, त्यांनी तो पाहिला नाही. आज हिंदीच्या एम.ए.चा कोणताही अभ्यासक्रम त्यांच्याशिवाय पुरा होत नाही.

शाळेच्या दृष्टीने एक गोष्ट मला याहून महत्त्वाची वाटते. मुक्तिबोधांनी शाळकरी मुलांसाठी इतिहासाचे एक पाठ्यपुस्तक लिहिले होते, ‘भारत : इतिहास और संस्कृति’. १९६२ मध्ये मध्य प्रदेश सरकारने त्यावर बंदी घातली. पाठ्यपुस्तकावर बंदी म्हणजे एका मास्तराच्या पोटावरही पाय आणि मनावरही घाव. ते या प्रकाराने फार खचले, असे त्यांच्या जवळच्या लोकांनी लिहून ठेवले आहे. मला विचाराल तर आठवीच्या मुलाने मुक्तिबोधांवर बोलताना ‘अंधेरे में’ या दीर्घ कवितेचा अर्थ सांगण्याच्या भानगडीत पडूच नये. तो अर्थ आम्हाला एम.ए.ला धड लागला नव्हता. त्याने बदल्यांविषयी, नापास होण्याविषयी, मास्तरकीविषयी आणि त्या पुस्तकाविषयी बोलावे. तेवढे त्याला पुरते समजेल. त्याच्या वर्गात अशी मुले बसतात ज्यांच्या वडिलांची बदली देवासहून खांडव्याला झाली आणि तिमाहीचे मार्क घसरले. त्या मुलांनी ही गोष्ट ऐकावी असे मला वाटते. ती ऐकून कोणी मुद्दाम नापास होणार नाही, एवढा विश्वास पालकांनी आपल्या मुलांवर ठेवावा.

दुसऱ्या आक्षेपाचे उत्तरही याच घरात आहे. गजाननरावांचे धाकटे भाऊ शरच्चंद्र मुक्तिबोध. जन्म १९२१. हे मराठीतले नामांकित कवी, कादंबरीकार आणि समीक्षक. त्यांच्या एका कादंबरीचे नावच ‘क्षिप्रा’ आहे. नागपूरला बसून मराठीत लिहिणाऱ्या माणसाला उज्जैनची नदी सुटली नाही. १९७९ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यांना मराठीसाठी मिळाला, ‘सृष्टी, सौंदर्य आणि साहित्यमूल्य’ या समीक्षाग्रंथाला. एकाच आईची दोन मुले, एक हिंदीत गेला आणि एक मराठीत. थोरल्यांनी तर लिहूनच ठेवले आहे की आपल्याला प्रेमचंदांचा भक्त बनवले ते आपल्या आईने. आई मराठी घरातली, पण प्रेमचंद वाचणारी. आता या दोन भावांपैकी आपला कोण आणि परका कोण, हे मला कोणीतरी समजावून सांगावे.

मी कॉलेजात मुक्तिबोध शिकले तेव्हा ते मराठी घरातले आहेत हे आमच्या सरांनी एका वाक्यात सांगितले आणि पुढचे पान उलटले. इकडे आपल्या मराठी मंडळांच्या कार्यक्रमात त्यांचे नाव सहसा निघत नसे, कारण ते ‘हिंदीवाले’. दोन्हीकडे अर्धा अर्धा माणूस. पूर्ण माणूस सांगायचा तर तो आपल्यासारख्या शाळेनेच सांगायला हवा. आपल्या मुलांना दोन्ही भाषा वाचता येतात. पुण्याच्या मुलाला हे अवघड जाईल आणि लखनौच्या मुलालाही.

मुक्तिबोध एकटे नाहीत. ‘तार सप्तक’च्या सात कवींतले प्रभाकर माचवे ग्वाल्हेरचे, तेही मराठी घरातले, दोन्ही भाषांत लिहिणारे, पुढे साहित्य अकादमीचे सचिव झालेले. काशीच्या ‘आज’ या दैनिकाचे संपादक बाबूराव विष्णु पराडकर मराठी. हिंदी वर्तमानपत्रांना त्यांनी किती शब्द रुळवून दिले त्याची गणती नाही. त्यांचे मामा सखाराम गणेश देऊस्कर हे देवघरजवळच्या गावात जन्मले, तिथेच मास्तर होते आणि त्यांनी लिहिले बंगालीत. इंग्रजी राज्याने देशाची लूट कशी केली हे सांगणारे त्यांचे ‘देशेर कथा’ १९०४ मध्ये निघाले आणि १९१० मध्ये सरकारने ते जप्त केले. भाच्याने ते हिंदीत आणले. मामा बंगालीत, भाचा हिंदीत, आणि घरी बोलणे मराठीत. ज्या विद्यार्थ्याला थोडे वेगळे काही करायचे असेल त्याने ही मामा-भाच्याची जोडी घ्यावी. त्यांच्यावर आपल्या शाळेत अजून कोणी बोललेले नाही.

आता ज्या नावावरून सर्वात जास्त चर्चा झाली तिकडे वळते. पंडित माधवराव सप्रे. यादीत त्यांच्या नावापुढे आम्ही ‘१९०८ चा प्रसंग अवश्य सांगावा’ अशी टीप लिहिली होती. एका आदरणीय विश्वस्तांनी ती टीप काढून टाकावी असे सुचवले. त्यांच्याविषयी पूर्ण आदर ठेवून सांगते, ती टीप राहावी.

सप्रे जन्मले १९ जून १८७१ ला, दमोह जिल्ह्यातल्या पथरिया गावी. शिक्षण बिलासपूर, रायपूर वगैरे ठिकाणी. त्या काळी पदवीधराला सरकारी नोकरी चालून येत असे. ती त्यांनी घेतली नाही. पेंड्र्याच्या राजघराण्यात शिकवणीचे काम धरले आणि त्या पगारातून पैसे वाचवून जानेवारी १९०० मध्ये ‘छत्तीसगढ़ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केले. पेंड्रा म्हणजे जंगलातले गाव, छापखाना गावात नाही, मजकूर बाहेरगावी पाठवून छापून आणायचा. तीन वर्षे रेटले आणि तोट्यामुळे बंद करावे लागले. त्यातच १९०१ मध्ये आलेली त्यांची ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही गोष्ट हिंदीतल्या अगदी पहिल्या लघुकथांत मोजतात. एका विधवेची झोपडी बळकावणाऱ्या जमीनदाराची ती गोष्ट आहे, दोन पानांची. आपल्या सातवीच्या मुलांनी ती या महिन्यात जरूर वाचावी.

सप्रे लोकमान्यांचे निष्ठावंत अनुयायी. ‘केसरी’तले विचार हिंदी वाचकांपर्यंत पोहोचावेत म्हणून १९०७ मध्ये त्यांनी नागपूरहून ‘हिंदी केसरी’ काढले. १९०८ मध्ये राजद्रोहाच्या आरोपाखाली त्यांना अटक झाली. त्याच सुमारास लोकमान्यांनाही शिक्षा होऊन मंडाल्याला पाठवले गेले. लोकमान्य डगमगले नाहीत. सप्रे मात्र माफीनामा देऊन सुटले. घरच्यांचे, विशेषतः थोरल्या भावाचे दडपण होते आणि ते दडपण साधे नव्हते. पण सही सप्र्यांची होती, हे त्यांनी स्वतःही कधी नाकारले नाही.

इथे भाषण संपवावे की पुढे जावे? माझे म्हणणे असे की खरे भाषण इथून सुरू होते. सुटून आल्यावर हा माणूस लोकांत मिरवला नाही. त्याने एकांत धरला, माधुकरी मागून खाल्ली, समर्थ रामदासांच्या ग्रंथांत स्वतःला बुडवून घेतले. ‘दासबोध’ हिंदीत आणला. लोकमान्य मंडाल्याहून सुटले, त्यांनी तिथे लिहिलेले ‘गीतारहस्य’ प्रसिद्ध झाले, आणि त्या ग्रंथाचे हिंदी भाषांतर कोणी केले? याच सप्र्यांनी. ज्या काळात एकाने तुरुंग भोगला आणि दुसऱ्याने माफी लिहून दिली, त्या काळात लिहिलेला ग्रंथ त्या दुसऱ्याच्या हाताने हिंदी मुलखात पोहोचला. लोकमान्यांनी ते काम त्यांच्याकडे सोपवले, यात लोकमान्यांचाही मोठेपणा आहे. १९२० मध्ये जबलपूरहून निघालेल्या ‘कर्मवीर’ या पत्रामागेही सप्र्यांचा मोठा वाटा होता. संपादक माखनलाल चतुर्वेदी, धडपड सप्र्यांची. १९२४ मध्ये देहरादूनच्या हिंदी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले आणि १९२६ मध्ये रायपूरला वारले.

माफीनामा गाळला तर यातले काय उरते? पत्रे काढली, भाषांतरे केली, अध्यक्ष झाले. तेच कोटी कोटी प्रणाम. मग ‘दासबोध’ हिंदीत का आला हेच कळत नाही. ‘मुलांना इतके कळत नाही’ असे म्हणणाऱ्यांनी एकदा मधल्या सुट्टीत मैदानावर उभे राहावे. चुकीची सही, मित्राला एकटे टाकून स्वतः सुटणे, मग आठ दिवस त्याच्याशी बोलायला तोंड नसणे, यातले सगळे आपल्या सहावीतल्या मुलांना अनुभवाने ठाऊक असते.

उद्योगाकडे येते. आपल्या पालकांत देवासच्या कारखान्यांत काम करणारे बरेच आहेत, त्यामुळे किर्लोस्कर हे नाव घरोघरी ठाऊक आहे. देवासला किर्लोस्करांचा पंपांचा कारखाना आहे. पण मुलांना विचारले तर किर्लोस्कर म्हणजे पंपावरचे नाव, माणूस नव्हे.

लक्ष्मणराव किर्लोस्कर जन्मले २० जून १८६९ ला बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला. त्यांना व्हायचे होते चित्रकार. मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले आणि तिथे लक्षात आले की त्यांना काही रंग नीट ओळखता येत नाहीत. चित्रकलेचा दरवाजा बंद. मग यंत्रांच्या आराखड्यांचे ड्रॉइंग शिकले, त्यात रंग लागत नाहीत. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागले. बढतीची वेळ आली तेव्हा ती त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियनाला मिळाली. त्यांनी नोकरी सोडली आणि बेळगावात भावाबरोबर सायकलींच्या दुकानात लक्ष घातले. सायकली विकायच्या, दुरुस्त करायच्या, लोकांना चालवायला शिकवायच्या.

तिथून ते कडबा कापायच्या यंत्राकडे आणि लोखंडी नांगराकडे आले. नांगर चांगला झाला, पण घेईना कोणी. लोखंडाने जमिनीत विष उतरते असा शेतकऱ्यांचा समज होता. पहिला नांगर विकायला दोन वर्षे लागली असे सांगतात. दोन वर्षे! आजकाल दोन महिन्यांत गिऱ्हाईक आले नाही तर आपण दुकानाची पाटी बदलतो. पुढे बेळगावच्या नगरपालिकेने कारखान्याची जागा रिकामी करायला लावली. जायचे कुठे? तेव्हा औंधच्या राजेसाहेबांनी, बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी, आपल्या संस्थानात कुंडल रोड स्टेशनाजवळ माळरान दिले आणि भांडवलाला दहा हजार रुपये कर्ज दिले. निवडुंगाने भरलेल्या त्या माळावर १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. तुरुंगातून शिक्षा भोगून आलेल्या माणसांना लक्ष्मणरावांनी तिथे पहाऱ्यावर ठेवले, आणि चोऱ्या झाल्या नाहीत.

या कथेत मुलांनी औंधच्या राजेसाहेबांना वगळू नये अशी माझी खास विनंती आहे. आपल्याकडे उद्योजकाची गोष्ट सांगताना तो सगळे एकट्याच्या हिमतीवर करतो अशी सांगायची पद्धत पडली आहे. हिंमत होतीच. पण वेळेवर जमीन आणि दहा हजार रुपये देणारा माणूसही होता. आपली शाळा ज्या इमारतीत भरते ती अशाच देणगीदारांच्या पैशातून उभी आहे. त्यांच्या तसबिरी हॉलमध्ये लावलेल्या आहेत. खालची नावे किती मुलांना वाचून दाखवता येतील, हा प्रश्न मी विश्वस्तांपुढे आदराने ठेवते.

राजकारणाचा विभाग यादीत ठेवावा की नाही यावर शिक्षकांच्या सभेत बरीच वादावादी झाली. शाळेत पक्ष येऊ नयेत हे सर्वांना मान्य आहे. पण राजकारण म्हणजे नुसते पक्ष नव्हेत. सरवटे हे नाव इंदुरातल्या प्रत्येक मुलाला येते, कारण सरवटे बस स्टँड. ज्यांच्या नावाने तो स्टँड आहे ते विनायक सीताराम सरवटे, सगळ्यांचे तात्यासाहेब, संविधान सभेत मध्य भारताचे प्रतिनिधी होते. म्हणजे देशाची घटना घडत होती त्या सभागृहात आपल्या गावचा मराठी माणूस बसला होता. १९६६ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. त्यांच्या कन्या शालिनीताई मोघे यांनी १९४७ मध्ये इंदुरात बाल निकेतन संघ सुरू केला आणि लहान मुलांच्या शिक्षणाला जन्म वाहिला. १९६८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, म्हणजे बापलेकींचे दोन सन्मान दोन वर्षांच्या अंतराने. (एका वाक्याचा नियम मी इथेच मोडला, हे चाणाक्ष विद्यार्थ्यांच्या लक्षात आले असेलच.)

आणि महू. महू आपल्यापासून किती दूर? लोकलने तासाभराचा रस्ता. १४ एप्रिल १८९१ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे जन्मले, आता गावाचे नावही डॉ. आंबेडकर नगर आहे. त्यांच्यावर दरवर्षी भाषणे होतात आणि ‘घटनेचे शिल्पकार’ या शब्दांवर संपतात. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी शिष्यवृत्ती देऊन त्यांना परदेशी शिकायला पाठवले, हेही मुले सांगतात. पण परत आल्यावर १९१७ मध्ये त्याच बडोद्यात दरबारच्या नोकरीत असताना त्यांना राहायला जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेत उतरले, तिथूनही बाहेर काढले गेले. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेला माणूस सामान घेऊन झाडाखाली बसला. बडोद्यात तेव्हा मराठी माणसांची काही कमी नव्हती. हे आपल्याच वस्तीच्या इतिहासातले पान आहे आणि ते सांगताना आपल्यालाही थोडे खाली बघावे लागते. कदाचित म्हणूनच सांगितले जात नसावे. आणि घटना लागू झाल्यावर जी पहिली लोकसभा निवडणूक झाली, त्यात बाबासाहेब मुंबईतून हरले. १९५४ मध्ये भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीतही हरले. हे गाळून ‘शिल्पकार’ म्हटले तर मुलांना वाटते, घटना झाली, टाळ्या पडल्या, संपले.

सुमित्राताई महाजनांचे नाव पालकांनीच सुचवले. चिपळूणची मुलगी लग्न होऊन इंदुरात आली, १९८९ पासून सलग आठ वेळा इथून लोकसभेवर निवडून गेली आणि २०१४ ते २०१९ लोकसभेची अध्यक्ष होती. गावाला त्या ‘ताई’. नाव ठेवले आहे. त्यांच्यावर बोलणाऱ्या मुलाने पक्षाचे गुणगान किंवा टीका करू नये, घरातली सून महापालिकेत कशी गेली आणि तिथून दिल्लीला कशी पोहोचली तेवढे सांगावे.

यादी पाहून आमच्या एका शिक्षिकेने नेमका प्रश्न विचारला, ‘मॅडम, यात बायका किती?’ कमी आहेत. म्हणून मालती जोशींचे नाव नंतर वाढवले. होळकर कॉलेजातून हिंदीत एम.ए., लिहिले हिंदीत आणि मराठीतही, मध्यमवर्गीय घरातल्या बायकांच्या साध्या गोष्टी. २०२४ मध्ये त्या गेल्या. हातात कागद न घेता त्या आपली कथा सभेत तोंडपाठ सांगत असत. पाठांतराचे भक्त असलेल्या पालकांना हे उदाहरण आवडेल. अजून नावे हवी आहेत. व्यापारात, कारखान्यात, सहकारी पतपेढीत, गिरणीत नाव काढलेल्या आपल्या वस्तीतल्या स्त्रिया आणि गिरणी कामगारांचे पुढारी कोणाला ठाऊक असतील तर कळवावे. छापील पुस्तकात नसतील तर आजीला विचारून लिहून आणावे, पण आजीने सांगितलेले आहे असे भाषणात स्पष्ट म्हणावे.

शेवटी दोन कामाच्या गोष्टी. भाषणाची वेळ पाच मिनिटे आहे आणि भाषणानंतर परीक्षक दोन प्रश्न विचारतील. लिखित मजकूर आधी वर्गशिक्षकांना दाखवण्याची गरज नाही. भोपाळला माधवराव सप्रे स्मृती समाचारपत्र संग्रहालय आहे, १९८४ मध्ये स्थापन झालेले. तिथे जुनी वर्तमानपत्रे आणि मासिके जपून ठेवली आहेत. आठवी-नववीच्या मुलांना स्पर्धेआधी एक दिवस तिथे न्यावे असा प्रस्ताव मी मंडळाच्या पुढच्या बैठकीत ठेवत आहे. सकाळी सहाला निघून रात्री नऊपर्यंत परत येता येईल. बसच्या भाड्यापैकी निम्मे पालकांनी द्यावे आणि निम्मे संस्थेने, अशी माझी विनंती आहे. ज्यांना निम्मेही जड आहे त्यांनी संकोच न करता ऑफिसात येऊन मला एकटीला सांगावे.

आपली,
मुख्याध्यापिका